टाकायचा राहून गेलेला कोळसा

जाऊबाईंची आणि माझी शेवटची भेट झाली ती भिलाईतल्या स्मृति नगरच्या त्यांच्या घरी, मागच्या व्हरांड्यात. दिवाळीच्या सुट्टीत माझी नात रश्मी पुण्याहून आली होती. ती अर्थशास्त्र शिकते, आणि शिकलेलं सगळं घरच्या म्हाताऱ्यांवर वापरून बघायची तिला खोड आहे. त्या दिवशी ती मला सांगत होती, की त्यांच्याकडे माणसांवर प्रयोग करतात. काही अनोळखी माणसं बसवायची, प्रत्येकाला थोड्या चकत्या द्यायच्या. त्यातल्या किती स्वतःजवळ ठेवायच्या आणि किती सगळ्यांच्या डब्यात टाकायच्या, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मग डब्यातल्या चकत्या वाढवून सगळ्यांना सारख्या वाटायच्या, ज्यानं टाकल्या त्याला आणि ज्यानं नाही टाकल्या त्यालाही. "आजी, शुरू में सब डालते हैं," रश्मी म्हणाली, "मग हळूहळू कमी होत जातं. शेवटी शेवटी कोणीच टाकत नाही." जाऊबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना डोळा लागलाय असं आम्ही धरून चाललो होतो. तशाच पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "खेळ संपला का थे लोक आपापल्या घरी जात असतीन ना वो पोरी?" रश्मी म्हणाली, "हो, मोठी आजी. जातात की." "मंग बरं हाय," जाऊबाई म्हणाल्या. "आमाले कुठं जायचं होतं..."

एवढंच. रश्मी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला एका वाक्यात काय सांगणार होते? व्हरांड्याच्या पायरीपलीकडे, पेरूच्या झाडाखाली तो अर्धा ड्रम ठेवलेला होता आणि त्याच्या शेजारी झाकणाचा पत्र्याचा डबा. दोन्हींवर पेरूची वाळकी पानं पडली होती. आम्ही चहा घेतला, मी बोरसीला माझ्या घरी परतले, आणि थंडी नीट सुरू व्हायच्या आधीच एका सकाळी पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली." झोपेतच गेल्या. लोक म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं. मला तसं म्हणवत नाही. ज्या एका गोष्टीची वाट बघत त्या एवढी वर्षं जगल्या, ती गोष्ट काही त्यांच्या दारी आली नाही. मरण कसंही आलं तरी त्यात काय फरक पडतो?

पार्बताबाई हे त्यांचं नाव. माझ्या मोठ्या दिरांची बायको. भंडाऱ्याकडच्या एका खेड्याच्या महारवाड्यातून आमचं घर निघालं, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं, आणि भिलाईत कारखाना उभा राहतोय म्हटल्यावर दोघे भाऊ इकडे आले. दीर खलाशी होते, म्हणजे दोरखंड आणि कप्प्या लावून जड लोखंड वर चढवणाऱ्यांपैकी. माझे यजमान फिटरच्या हाताखाली लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा सेक्टरचे क्वार्टर अजून कागदावरच होते आणि सगळे कॅम्पमधल्या खोल्यांच्या ओळींत राहत होते, खलाशी काय आणि हेडक्लार्क काय. लाल मातीचा धुरळा, पत्र्याची छपरं, पाळीचा भोंगा. आमच्या ओळीत आंध्रातले होते, पंजाबी होते, छत्तीसगढी होते, आणि आमच्यासमोरच वर्ध्याकडचं हेडक्लार्कांचं कुटुंब होतं. त्यांच्या मंडळी म्हणजे वत्सलावहिनी. गोऱ्यापान, शिकलेल्या, आवाज कधी चढला नाही. नवी नवरी मी, त्यांच्याकडे बघतच राहायची. सातवी पास होते ना, शिकलेल्या बाईचं मला फार अप्रूप.

दगडी कोळसा पेटायला किती रडवतो हे आता गॅसवाल्या सुनांना सांगून कळायचं नाही. खाली गोवरीचा तुकडा, वर लाकडाच्या चिपा, वर कोळसा, आणि मग डोळे लाल होईस्तोवर फुंकत बसायचं. धूर जाऊन सिगडी आत नेण्याजोगी व्हायला अर्धा तास तरी जायचा, आणि सकाळच्या पाळीच्या माणसाला तर उजाडायच्या आत चहा-भाकर लागायची. दिरांनी कुठूनसा डांबराचा पडीक ड्रम आणला, तो अर्धा कापला, बुडाला छिन्नीनं भोकं पाडली आणि ओळीच्या टोकाला विटांवर बसवला. जाऊबाई त्यात कोळसा रचायच्या, रात्री वर राख पसरून ठेवायच्या, पहाटे राख बाजूला केली की खाली लालभडक निखारे तयार. पहिल्यांदा आम्हीच न्यायचो. मग शेजारची सरस्वतम्मा खापर घेऊन आली, मग तिची शेजारीण, मग सगळी ओळच यायला लागली. जाऊबाईंनी एकच गोष्ट सांगून ठेवली होती. "निखारे न्यायले कोनाले इचारायचं नाही. पन येतानी एक गोळा कोळसा आना अन् टाका. मंग ही सिगडी मायी नाही, आपल्या सगळ्याईची."

तो पहिला हिवाळा मी विसरणार नाही. पहाटे त्या ड्रमभोवती बायकांचा घोळका, कुणाची भाषा कुणाला धड कळत नाही, पण प्रत्येकीच्या हातात एका बाजूला खापर आणि दुसऱ्या बाजूला कोळसा. लागायचा त्याहून जास्तच साठायचा. ड्रमशेजारी ढीग पडलेला असायचा आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. हात शेकता शेकता सरस्वतम्मानं आम्हाला इडलीचं पीठ कसं आंबवायचं ते शिकवलं. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवायला निखारे, आजाऱ्याला शेक द्यायला निखारे, पाहुण्याच्या चहाला निखारे. त्याच सुमाराला कारखान्याची पहिली भट्टी पेटली. दीर घरी येऊन कौतुकानं सांगत, की ही भट्टी एकदा पेटली की विझू द्यायची नसते, सण असो की सुतक, कुणी ना कुणी तिच्यात टाकत राहायचंच. जाऊबाई ऐकून खूप हसल्या. म्हणाल्या, "मंग तुमची मोठी अन् मायी लहान. पाहू कोनाची जास्त टिकते."

आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, की आम्ही तेव्हा चांगले होतो याचं कारण आम्ही नवे होतो. कुणी किती दिलं म्हणजे पुरे, कुणी नाही दिलं तर काय होतं, हे अजून कुणाला कळलं नव्हतं. ते कळायला फार दिवस लागले नाहीत. उन्हाळ्यात ढीग कमी झाला, पावसाळ्यात दिसेनासा झाला. पुढच्या थंडीत तर निम्म्या बायका नुसतं खापर घेऊन यायच्या. कुणाचा डेपोचा कोळसा ओला निघालेला असायचा, कुणी उद्या दोन टाकते म्हणायची. कुणी काहीच न बोलता पदराआड खापर धरून यायची आणि जायची. मी चिडायची. मला वाटायचं, जी टाकत नाही तिच्या खापरातून निखारे परत काढून घ्यावे. मी जाऊबाईंच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी तसं केलं असतं आणि ओळीत नाव काढलं असतं, भांडकुदळ म्हणून. जाऊबाईंना मात्र ते जमणारं नव्हतं.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या लहानपणी घरातला विस्तव विझला की त्यांची आई खापर घेऊन गावात मागायला जायची. देणारी बाई ओट्यावरून निखारा खाली मातीत टाकायची आणि आई तो वाकून काडीनं खापरात ओढायची. कधी देणारीचं मन नसलं तर "आज नाही" म्हणून दार लावलं जायचं. अशाच एका पावसात सलग दाराला दारं लागली आणि लेकरांनी भिजवलेले हरभरे चावून रात्र काढली. "म्हनून मी ठरोलं," त्या म्हणाल्या, "माया दारी कोनी विस्तव मागायले आलं, त मी नाही म्हननार नाही. टाको का नको टाको." त्यांच्या मनात ही गोष्ट दगडावर कोरल्यासारखी होती. आणि त्यांची सिगडी विझायला लागली तीही तिथूनच.

पण ओळीतल्या बायका टाकेनाशा का झाल्या, हे मी कान देऊन ऐकलं होतं. प्रत्येकीचं उत्तर एकच असायचं... समोरच्या क्लार्कीणबाई टाकतात का? वत्सलावहिनी रोज पहाटे सगळ्यांच्या आधी यायच्या, पदर डोक्यावर घेऊन, खापर निखाऱ्यांनी भरून न्यायच्या. हात दुसरा रिकामा. पहिल्या दिवसापासून रिकामा. ढीग मोठा होता तोवर ते कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. ढीग ओसरला तेव्हा सगळ्यांना तेवढंच दिसायला लागलं. शिकलेली बाई, नवरा ऑफिसात खुर्चीवर बसणारा, घरी कोळशाला तोटा नाही, तीच टाकत नाही, मग आम्हीच काय वेडे? कोळशाच्या एका गोळ्यानं कुणी गरीब होत नव्हतं. आपण टाकायचं आणि शेजारणीनं फुकट न्यायचं, हे गिळायला जड जात होतं. चांगल्या चांगल्या बायकांनी केवळ मूर्ख ठरायला नको म्हणून हात आवरला. त्यातली एकही चोर नव्हती. याचंच मला जास्त वाईट वाटतं. चोर असत्या तर रागावून मोकळं होता आलं असतं.

आणि वहिनी कंजूष? छे. मला ताप आला तेव्हा पेज करून त्यांनी मुलाच्या हाती धाडली होती. माझ्या पहिल्या मुलीला झबली त्यांनी शिवून दिली. विरजण मागा, सुईदोरा मागा, कुणाला मनिऑर्डरचा फॉर्म भरून हवा असो, वहिनींनी कधी नाही म्हटलं नाही. जाऊबाईंशी तर त्यांचं विशेष गूळपीठ. दुपारी दोघी आपापल्या दारात बसून रस्त्यापलीकडून तासतासभर बोलायच्या. रस्त्यापलीकडूनच, पण बोलायच्या मनापासून. जाऊबाई म्हणायच्या, "वहिनीसारखं मानूस भेटाले नशीब लागते." अशा बाईचा हात त्या ड्रमवर येऊन रिकामा का राहतो, याचं कोडं जाऊबाईंना पडलं होतं की नाही कोण जाणे. मला वाटतं त्यांना आधीपासून माहीत होतं. माहीत असूनही त्या वाट बघत होत्या.

मग एक सकाळ अशी आली की राख बाजूला केली तर खाली काळं. आमच्या घरचा कोळसा आदल्या रात्रीच संपला होता, कारण कित्येक दिवस त्या ड्रममध्ये दुसऱ्या कुणाचा पडतच नव्हता. दीर चहावाचून, भाकरीवाचून पाळीवर गेले. जाताना त्यांनी सिगडीला लाथ मारली. "गावाले पोसून राहिली का तू?" ते ओरडले. "उंचावर चढायचं राह्यते मले. उपाशीपोटी हात सुटला त कोन येनार हाय, तुयी गल्ली?" त्या दुपारी सरस्वतम्मानं बायका गोळा केल्या आणि सरळ सांगितलं, "बहनजी, ऐसे नहीं चलेगा. जो डालेगी, वही ले जाएगी. रोज एक औरत इधर बैठेगी, देखेगी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, अगदी जोरात. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "मले दोन रोज द्या. मंग तुमी म्हनसान तसं."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन वहिनींच्या दारात गेल्या. हातात काही नाही. वहिनींनी दारातच चटई टाकली. त्यांच्या सासूबाई आतल्या खोलीत अंथरुणावर होत्या, त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. जाऊबाईंनी इकडचं तिकडचं काही न बोलता विषय काढला. "वहिनी, उद्यापासून तिथं बाई बसनार हाय. टाकल्याबिगर कोनाले नेऊ नाही देनार. तुमाले कोनी आडवलं त मले पाहावनार नाही. एक गोळा टाका. एकच. तुमी टाकला म्हनजे बाकीच्या आपोआप टाकतीन, बाई बसवाची गरजच नाही पडनार."

वहिनी आतल्या दाराकडे एकदा बघून हळू म्हणाल्या, "पार्बताबाई, कोळशाचं काय हो. पोतं देईन मी तुम्हाला. पण आमच्या आईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. विस्तव कुठूनही आणावा, विस्तवाला विटाळ नसतो. पण त्यांच्या चुलीत आपलं जळण घालायचं नाही. घातलं की चूल एक झाली."

मला त्या क्षणी कळलं. ओळीतल्या बायका काय समजत होत्या आणि खरं काय होतं! ही बाई फुकट न्यायला येत नव्हती. तिला न्यायची मुभा होती, घालायची नव्हती. नेणारा परका राहू शकतो. घालणारा घरचा होतो. उठून यावं असं मला वाटलं, पण जाऊबाई तशाच बसलेल्या. त्यांनी हात पुढे केला आणि वहिनींच्या गुडघ्याच्या अलीकडे, चटईवर टेकवला. "कोनाले दिसनार नाही," त्या म्हणाल्या. "उजाडाच्या पह्यले या. मी तोंड फिरवून उभी राह्यतो. म्हातारीले कोन सांगाले जाते? एकडाव, वहिनी. मले बाकी काही नको." मी त्यांना कुणाकडे काही मागताना त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दुसरं काहीही मागा हो," त्या म्हणाल्या, "काहीही मागा..."

संध्याकाळी त्यांचा मुलगा आमच्या दारात कोळशानं भरलेली टोपली ठेवून गेला. निवडून घेतलेला, चकचकीत काळा, एकेक गोळा मुठीएवढा. "आईनं दिलाय, मोठ्या काकूंना." दिरांना आनंद झाला. चला, आठवड्याची तरी सोय झाली! ते टोपली उचलायला गेले तर जाऊबाईंनी त्यांचा हात धरला. "हे मले दिलं," त्या म्हणाल्या. "सिगडीले नाही दिलं." दीर वैतागले, कोळसा तो कोळसाच, म्हणाले. जाऊबाईंनी टोपली घरातही घेतली नाही आणि परतही पाठवली नाही. ती नेऊन ड्रमशेजारी ठेवली आणि मला सांगितलं, "याले हात नको लावजो. हे तिच्या हातानं पडाचं हाय."

बाई बसायला लागली. पहिल्या पहाटे सरस्वतम्मा स्वतः बसली होती. वहिनी नेहमीसारख्या खापर घेऊन आल्या, सरस्वतम्माला पाहिलं, शेजारी स्वतःचीच टोपली पाहिली आणि जागच्या जागी थांबल्या. मी आमच्या दारातून बघत होते. टोपली त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. एक गोळा उचलायचा आणि ड्रममध्ये सोडायचा, लेकरालाही जमावं असं काम. जाऊबाईंनी बोलल्याप्रमाणे तोंड फिरवलं, भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या... वहिनी वळून परत गेल्या. त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत. त्याच आठवड्यात त्यांच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह आला. दुपारच्या रस्त्यापलीकडच्या गप्पाही मग आटत गेल्या. भांडण झालं नाही, अबोलाही नाही. एकमेकींकडे बघितलं की दोघींना तेच आठवायचं.

नियमानं सिगडी जगली का? काही दिवस ढीग पुन्हा दिसायला लागला आणि मी जाऊबाईंना म्हटलंही, "पाहा, मी सांगत नव्हते?" मग निखारे धरेनात. बघितलं तर निम्मे गोळे कोळसा नव्हतेच, कोळशात सापडतो तसला काळा दगड होता. डेपोच्या पोत्यात निघालेला दगड पूर्वी बायका फेकून द्यायच्या, आता सिगडीसाठी बाजूला काढून ठेवत होत्या. टाकला की नाही एवढंच कुणी बघत होतं ना, मग टाकला! बसणारीनं हटकलं की तू तू मैं मैं. कुणी कुणाच्या जातीवर गेली, कुणी कुणाच्या मुलखावर. बसायची पाळीही बायका टाळायला लागल्या. ज्यांना जमलं त्यांनी वहिनींचं बघून स्टोव्ह घेतला. त्या थंडीच्या शेवटी एका सकाळी जाऊबाईंनी राख बाजूला केली, दगड वेचून काढले आणि ड्रम पालथा घातला. दिरांनी कौतुकानं सांगितलेली ती कारखान्यातली भट्टी मात्र रात्रंदिवस पेटलेली होती, आकाश तांबडं करत. तिच्यात टाकणाऱ्यांना पगार मिळायचा.

पुढं आम्हाला सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाले आणि ओळ पांगली. दिवस चांगले आले. मी शिकून प्राथमिक शाळेत लागले, मुलं मार्गाला लागली, दीर रिटायर झाले, मग वारले, माझे यजमानही गेले. जाऊबाई या क्वार्टरमधून त्या क्वार्टरमध्ये, आणि तिथून मुलानं स्मृति नगरला बांधलेल्या घरात गेल्या. प्रत्येक वेळी सामानात तो अर्धा ड्रम आणि तो कोळसा. टोपली कुजली तेव्हा त्यांनी गोळे पत्र्याच्या डब्यात भरले. सून नवी आली तेव्हा तिनं एकदा अंघोळीच्या बंबात त्यातले घालायला घेतले आणि जन्मात पहिल्यांदा सासूचा आरडाओरडा ऐकला. "आपलं नाही थे! जिचं हाय तिले येऊ दे." मी कितीदा सांगितलं, जाऊबाई, वहिनींची सासू जाऊन जमाना झाला, त्यांना यायचं असतं तर आल्या असत्या. जुनवानीकडे तर घर आहे त्यांचं, किती लांब? त्या म्हणायच्या, "सुमन, तुले कायची घाई हाय?" मला राग यायचा. अजूनही येतो. अशी कशी ही बाई, एका गोळ्यासाठी जन्मभर दार उघडं ठेवून बसणारी! आणि त्यांच्याशिवाय मला कुणी नव्हतं, हेही लिहून ठेवते. सासरी आले तेव्हा माझी आई त्याच झाल्या होत्या.

रश्मी म्हणते, तिच्या पुस्तकांत याची उत्तरं आहेत. माणूस दुसऱ्याचं बघून टाकतो आणि दुसऱ्याचं बघूनच थांबतो. शिक्षा लावली तर पुन्हा टाकतो, पण मनातून टाकत नाही. तिचं बरोबरच असणार, आमच्या ओळीत तसंच झालं. तिच्या पुस्तकात एवढंच नाही, की डबा कुणाच्या दारात ठेवलाय हे बघूनही माणसाचा हात थबकतो. तिथल्या माणसांना एकमेकांची नावंही कळू देत नाहीत म्हणे. आमच्याकडे नाव कळायच्या आधी जात कळते.

जाऊबाई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली, आणि दुपारी दारात गाडी थांबली. नातवाचा हात धरून वत्सलावहिनी उतरल्या. पार वाकलेल्या, पांढऱ्याशुभ्र, पण आवाज तोच. मला मिठी मारून रडल्या. जाऊबाईंच्या फोटोला फूल वाहिलं, आमच्या कपातून चहा घेतला, सुनेनं पुढं केलेला पेढाही खाल्ला. जग बदललं नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? मग मी त्यांना हाताला धरून मागं नेलं. ड्रमवरची पानं झाडली, खुर्ची दिली आणि डब्याचं झाकण काढून तो त्यांच्यासमोर ठेवला. "वहिनी, हा तुमचा कोळसा. जाऊबाईंनी जपून ठेवला होता." त्यांना लगेच ओळख पटली. त्यांनी हात डब्यात घालून एक गोळा उचलला. त्यांचा हात ड्रमच्या वरच होता. मी तोंड फिरवलं, आणि भिंतीकडे बघत उभी राहिले.

"सुमनताई," त्या म्हणाल्या, "यातला एवढा एक मी घरी नेऊ का हो? त्यांची आठवण म्हणून."

विस्तव मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हा या घरचा रिवाज. मी म्हटलं, न्या. त्यांनी तो गोळा रुमालात बांधला आणि नातवाला नळाचं पाणी सोडायला सांगून हात धुतले. कोळशाचा हात होता, धुवायलाच हवा, असं मी स्वतःला त्या दिवसापासून सांगते आहे.

परवा पुतण्या विचारत होता, काकू, भंगारवाला आलाय, देऊन टाकू का ड्रम? मी नको म्हटलं. रश्मीला फोनवर सगळं सांगितलं तर ती पोर रडवेली झाली. "आजी, तूच डाल दे ना एक. मोठ्या आजीसाठी." मी म्हटलं, माझा तर रोज टाकून होत होता गं, त्यानं काय झालं? पेरूखाली ड्रम तसाच आहे. शेजारी डबा आहे, त्याचं झाकण मी घट्ट लावून ठेवलंय. आतला एक गोळा कमी झालाय, तोही जिची वाट होती तिच्याच हातानं.